पाळणे आणि राखणे

मराठी भाषेत 'पाळणे' हे क्रियापद मोठे अर्थगर्भ आहे. आपण गाय पाळतो, कोंबड्या पाळतो; त्याचप्रमाणे दिलेला शब्द पाळतो, उपवास पाळतो, आज्ञा पाळतो. तान्हे मूल ज्यात निजते तो पाळणा आणि त्या मुलाचा सांभाळ करणारे ते पालक. जनावराला दावणीला बांधणे आणि दिलेल्या वचनाला स्वतः बांधून घेणे, या दोन्ही कृतींसाठी आपल्या पूर्वजांनी एकच शब्द वापरावा, हे विचार करण्याजोगे आहे. पहिल्या अर्थात बांधले जाते ते जनावर. दुसऱ्या अर्थात बांधला जातो तो माणूस. एखादा जीव घरी आणताना आपण यांपैकी कोणत्या अर्थाने त्याला पाळत असतो? प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे तो आपल्याला बराच दूर घेऊन जातो. येथे तो कासवाच्या निमित्ताने मांडावयाचा आहे.

कासवच कशासाठी, असे कोणी विचारील. देऊळगाव राजा या आमच्या गावाच्या नावातच देऊळ आहे. येथील बालाजीची यात्रा साऱ्या बुलढाणा जिल्ह्याला आणि शेजारच्या जालन्यालाही ठाऊक आहे. महाराष्ट्रातील कितीतरी देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. त्याचे पाय, मान आणि शेपूट कवचात ओढून घेण्याची सवय म्हणजे इंद्रियनिग्रहाचे प्रतीक, असे आपले हिंदू शेजारी मानतात. विहिरीत कासव असले म्हणजे पाणी स्वच्छ राहते, ही समजूतही खेड्यापाड्यांत जुनी आहे. अलीकडे मात्र हा आदर वेगळ्या वळणाने जाऊ लागला. घरात कासव असले की लक्ष्मी नांदते, म्हणून कोणी काचेच्या थाळीत धातूचे कासव ठेवतो, तर कोणी जिवंत कासव आणून परसातल्या हौदात सोडतो. वीस नखांचे कासव मिळाले तर त्याच्यावर पूजा मांडून पैशांचा पाऊस पाडता येतो, अशा थापांना भुललेल्यांच्या आणि भुलवणाऱ्यांच्या बातम्या आपण वृत्तपत्रांत अधूनमधून वाचतो. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी हे वेड अद्याप पुरते गेलेले नाही.

ज्यांना लक्ष्मी हवी आहे किंवा पैशांचा पाऊस हवा आहे, त्यांच्याविषयी फारसे लिहिण्याची आवश्यकता नाही. त्यांचा लोभ उघड आहे. माझ्यापुढे जो प्रश्न आला तो भल्या माणसांचा होता. एका कुटुंबाकडे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले एक कासव होते. काही वर्षांनी कोणा परिचिताने त्याला सोबत म्हणून दुसरे दिले. परसात पेरूच्या झाडाखाली ती दोन्ही फिरत. एके दिवशी मादीने तेथील मातीत खड्डा करून अंडी घातली. घरातल्या मुलांच्या आनंदाला सीमा उरली नाही. अंडी उबवावयाची, पिल्ले वाढवावयाची आणि नातलगांच्या मुलांना एकेक द्यावयाचे, असा बेत ठरला. तेवढ्यात कोणीतरी सांगितले की हे बेकायदा आहे. तेव्हा त्या घरचे गृहस्थ म्हणाले, "फादर, आम्ही त्यांना काही कमी पडू देत नाही. रानात असती तर मुंगसाने अंडी खाल्ली असती. ही जात कमी होत चालली आहे म्हणतात. आम्ही तर ती वाढवतो आहोत. यात पाप ते काय?"

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात माया आहे, कष्ट आहेत आणि वरवर पाहता तर्कही आहे. म्हणूनच त्याचे उत्तर 'कायद्यात बसत नाही' एवढ्या चार शब्दांत देऊन चालणार नाही.

प्रथम कासवाचे अंडे कसे फुटते ते पाहू. ज्याला आपण तारांकित कासव म्हणतो ते पाण्यातले नव्हे; ते कोरड्या माळरानावर, काटेरी झुडपांच्या आश्रयाने राहते. गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, दक्षिणेत आंध्र, कर्नाटक व तमिळनाडू, आणि पलीकडे श्रीलंका हे त्याचे मुख्य घर. मादी मागच्या पायांनी माती उकरते, स्वतःच्या शरीरातील पाण्याने ती भिजवते, खड्ड्यात एक-दोनपासून आठ-दहापर्यंत अंडी घालते, माती पुन्हा लोटून दाबते आणि निघून जाते. ती परत येत नाही. कोंबडीसारखी ती अंड्यांवर बसत नाही आणि पिल्लांना चारा दाखवीत नाही. पुढचे काम सूर्याचे आणि मातीचे. उष्णता आणि ओल यांच्या मानाने पिल्लू बाहेर यायला तीन महिने लागतात, कधी पाच-सहाही लागतात.

कोंबडी आपली अंडी दिवसातून अनेकदा उलटीपालटी करते, नाहीतर ती नासतात. कासवाच्या अंड्याचे नेमके उलट आहे. घातल्यानंतर थोड्याच काळात आतला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. त्यानंतर कोणी कौतुकाने अंडे उचलून फिरवले तर तो गुदमरून मरतो. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी की पिल्लू नर होणार की मादी, हे या कासवांत गर्भधारणेच्या क्षणी ठरत नाही. अंडी पुरलेल्या मातीच्या उबेवर ते ठरते. ऊब अधिक असेल तर माद्या, कमी असेल तर नर. परदेशांत जे हौशी लोक घरी पेटी करून कासवांची अंडी उबवतात, ते विजेच्या यंत्रावर उष्णतामान ठरवतात. आणि त्याबरोबर साऱ्या पिल्लांचे लिंगही ठरवतात. आपण ज्याला 'ऊब देणे' असे मायेचे नाव देतो, त्यात केवढी सत्ता दडलेली असते, हे यावरून ध्यानात यावे.

आता कायद्याविषयी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे कासव बाळगण्यास केव्हाच मनाई केली होती. २०२२ च्या दुरुस्तीने त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्यांच्या पंक्तीत, स्थान दिले. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आपल्या विहिरी-तळ्यांत आढळणारे मऊ पाठीचे कासवही याच अनुसूचीत आहे. गुन्हा सिद्ध झाल्यास किमान तीन वर्षांची कैद आणि पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो. या कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे तीत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे वा हलवणे, त्यांच्या घरट्यात ढवळाढवळ करणे याचाही समावेश आहे. परदेशी जातींच्या प्राण्यांसाठी नोंदणीची वाट आहे, आणि तिचे नियम २०२४ साली प्रसिद्ध झाले. आपल्या रानातल्या कासवासाठी ती वाट नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ साली जिनिव्हा येथील परिषदेत तारांकित कासवापुरती सर्वांत कडक बंदी आली.

एवढी कठोरता कशासाठी? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की भारतातील केवळ एका व्यापारकेंद्राच्या परिसरातून वर्षाला किमान ५५ हजार तारांकित कासवे रानातून उचलली जात होती. त्यांतील बहुतेक पिल्ले. ती पिशव्यांत, खोक्यांत, सामानाच्या पेट्यांत कोंबून देशोदेशी पाठवली जातात आणि वाटेत कित्येक मरतात. ज्याच्या परसात एक कासव सुखाने पेरू खात आहे, त्याला ही वाट दिसत नाही. पण त्याचे कासवसुद्धा कधीतरी, कोणाच्या तरी हाताने, रानातून उचलले गेले होते. शिवाय 'हे घरीच जन्मलेले आहे' असे म्हणण्याची सोय झाली की चोरटे त्याच वाक्याच्या आड रानातली पिल्ले विकू लागतात. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या पाठीवर जन्मगाव लिहिलेले नसते. संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले की न्याय्य कायदा विवेकबुद्धीलाही बांधतो. हा कायदा त्या प्रकारचा आहे; तो मोडणारा केवळ वनखात्याचा अपराधी ठरत नाही.

तरीही त्या गृहस्थांचा एक मुद्दा उरतोच. संख्या घटत असलेली जात माणसाने वाढवणे हे वाईट कसे? याला इतिहासाचा आधारही आहे. गॅलापागोस बेटांपैकी एस्पॅनोला या बेटावर १९६० च्या दशकानंतर महाकाय कासवांपैकी फक्त चौदा उरली होती. बारा माद्या आणि दोन नर. त्यांना एका केंद्रात आणले गेले. अमेरिकेतील सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून त्याच जातीचा एक तिसरा नर मिळाला. त्याचे नाव दिएगो. या पंधरा कासवांच्या वंशातून सुमारे दोन हजार कासवे बेटावर परत गेली, आणि जून २०२० मध्ये ही पंधरा म्हातारी कासवेही आपल्या बेटावर सोडण्यात आली. म्यानमारमध्ये तेथील तारांकित कासव रानातून जवळजवळ नाहीसे झाले होते. मुख्यतः तस्करांकडून सोडवलेल्या सुमारे १७५ कासवांपासून तेथे बंदिस्त पैदास सुरू झाली. संख्या चौदा हजारांवर गेली आणि त्यांतील काही शेकडा राखीव वनात सोडली गेली.

मग परसातल्या पेरूखालच्या अंड्यांत आणि या अंड्यांत फरक काय? दोन्हीकडे माणूसच उबवतो, माणूसच खाऊ घालतो. मला दिसतो तो फरक हेतूच्या दिशेचा आहे. एस्पॅनोलाच्या केंद्रात पहिल्या दिवसापासून दार बाहेरच्या बाजूला उघडणारे होते. कोणते कासव कोठले, कोणाची संतती कोणती, कोणता रोग कोणाला, याची नोंद होती; कारण ही सारी एक दिवस परत जावयाची होती. परसात मात्र कोठून आलेली मादी आणि कोठून आलेला नर यांचा मेळ बसला ते कोणालाच ठाऊक नसते. गुजरातचे कासव आणि तमिळनाडूचे कासव यांची पिल्ले नेमक्या कोणत्या माळावर सोडावीत, याचे उत्तर मग कोणाकडेच राहत नाही. त्यांना पोळी-भात, पाव, गोड फळे खाऊ घातल्याने त्यांच्या पाठीवरची कवचे अस्वाभाविक उंचवट्यांनी वाढतात. अशी पिल्ले जन्मतात ती परसासाठी आणि मरतात तीही परसात. ती संख्या वाढवतात. रानाला मात्र त्यांच्यापासून काही मिळत नाही.

आपल्या महाराष्ट्रातच याचे एक सुंदर उदाहरण आहे. त्यासाठी बुलढाण्याच्या काळ्या मातीवरून थेट कोकणच्या किनाऱ्यावर जावे लागेल आणि माळावरचे कासव सोडून समुद्रातल्या कासवाकडे पाहावे लागेल. पण अंड्याची रीत दोघांची एकच आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. नाना फडणीसांचे मूळ गाव म्हणून ते प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री वाळूवर येतात, खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि पहाटेपूर्वी समुद्रात परततात. पूर्वी ही अंडी माणसे खणून नेत, खात, विकत. उरलेली कोल्ही-कुत्री खात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, येथे संवर्धनाचे काम सुरू केले. ज्यांना अंडी शोधण्याचा सराव होता अशा गावकऱ्यांनाच राखणदार केले गेले. ते पहाटे किनारा धुंडाळतात, घरटे सापडले की अंडी हळुवार काढून कुंपण घातलेल्या जागी तितक्याच खोल खड्ड्यात पुरतात आणि वर तारीख लिहितात. सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी वाळू हलते. खड्ड्यावरची टोपली उचलली की खाली तळहातात मावतील एवढी काळीसावळी पिल्ले वळवळत असतात. ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर ठेवली जातात आणि तेथून स्वतःच्या पायांनी समुद्रात जातात.

त्यांना उचलून पाण्यात का टाकत नाहीत? ती चालत गेली पाहिजेत म्हणून. त्या चालण्यात त्यांना तो किनारा ओळखीचा होतो, असे अभ्यासक मानतात. पुढे वयात आलेली मादी अंडी घालायला त्याच भागात परत येते. २००६ पासून तेथे कासव महोत्सव होऊ लागला. शहरांतून मुले येतात, दोरीच्या अलीकडे उभी राहतात आणि पाहतात. हात लावायचा नाही, एवढी एकच अट. हजारांतले एखादेच पिल्लू मोठे होते असे म्हणतात. एवढ्या कष्टाने राखलेले नऊशे नव्याण्णव जीव लाटांच्या, माशांच्या, पक्ष्यांच्या स्वाधीन करायचे, हे सोपे नाही. त्यातले एकही पिल्लू वेळासच्या कोणाच्या घरी राहत नाही. तरी सारे गाव 'आमची कासवे' असे म्हणते. जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले, तेव्हा तिचे नाव 'प्रथमा' ठेवले गेले. नाव दिले, पण तिला ठेवून घेतले नाही.

येथे मला आपल्या संतसाहित्यातली एक कल्पना आठवते. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, अंगाखाली घेत नाही. ती नुसत्या दृष्टीने त्यांना वाढवते, असे आपल्या संतांनी वारंवार सांगितले आहे. भक्तावर देवाची जी कृपा, तिला त्यांनी या कूर्मदृष्टीची उपमा दिली. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हे खरे नाही. कासवी पिल्लांकडे पाहत नाही; ती तर केव्हाच निघून गेलेली असते. तरीही मला ही उपमा टाकाऊ वाटत नाही. स्पर्श न करता, धरून न ठेवता पोसता येते. प्रेमाची एक जात अशी आहे की जिचे हात मागे असतात आणि डोळे जागे असतात, हे सत्य त्या उपमेत आहे. कासवीने ते केले नसेल. वेळासच्या गावकऱ्यांनी मात्र ते करून दाखवले.

बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात या दोन दृष्टी शेजारीशेजारी आहेत. पहिल्या अध्यायात मनुष्याला सर्व प्राण्यांवर सत्ता दिलेली आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांचा तेथे वेगळा उल्लेख आहे. दुसऱ्या अध्यायात त्याच मनुष्याला बागेत ठेवले आहे ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. फार काळ आपण पहिला अध्याय मोठ्याने वाचला आणि दुसरा घाईने. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लौदातो सी' या परिपत्रकात ही चूक स्पष्टपणे दाखवून दिली. खेड्यातल्या माणसाला 'राखण' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ज्वारी हुरड्यात आली की मचाणावर बसून पाखरे हाकणारा राखणदार त्या शेताचा मालक असेलच असे नाही. तो रात्रभर जागतो, आणि पीक घरी नेतो दुसराच. राखणाऱ्याच्या जागेपणाला मालकीची गरज नसते.

मालकी हक्काने पाळणाऱ्याला आपण ज्याला पाळतो त्याची ओळख तरी पटते का? इंग्लंडमधील सेलबर्न गावी गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक धर्मोपदेशक होऊन गेले. निसर्गाचे इतके बारीक निरीक्षण करणारे लोक थोडे. १७८० साली त्यांना आपल्या आत्याकडून एक वृद्ध कासव वारशाने मिळाले. टिमथी हे त्याचे नाव. ते केव्हा झोपते, केव्हा जागते, पाऊस येण्यापूर्वी काय करते, याच्या नोंदी व्हाइट यांनी वर्षानुवर्षे केल्या आणि त्या वाचून लोक आजही आनंदित होतात. १७९३ साली व्हाइट वारले. टिमथी त्यांच्यामागे जगला. पुढे त्याचे कवच तपासले गेले तेव्हा कळले की तो टिमथी नव्हताच. ती मादी होती. आयुष्यभर एका भिंतीआड राहिलेल्या त्या प्राण्याला जोडीदार मिळाला नाही, आणि इतक्या प्रेमळ, इतक्या विद्वान धन्यालाही ती कोण हे ठाऊक नव्हते.

या कथेत आणखी एक गोष्ट आहे. कासव धन्यामागे जगले. आत्याकडून भाच्याकडे आणि भाच्याकडून आणखी कोणाकडे. कुत्रे पाळणारा माणूस बहुधा कुत्र्याला पुरतो. कासव पाळणारा कासवाला पुरेलच असे नाही. दहा वर्षांच्या मुलाला आज दिलेले पिल्लू तो शिक्षणासाठी पुण्याला जाईल तेव्हाही असेल, नोकरीसाठी आखातात जाईल तेव्हाही असेल. प्रारंभी मी म्हटले की 'पाळणे' म्हणजे शब्द पाळणेही आहे. कासवाला घरी आणणारा एक दीर्घ वचन देत असतो. आणि नातलगांच्या मुलांना पिल्ले वाटणारा तर दुसऱ्यांच्या वतीने वचने देत सुटतो. ती मोडतात, तेव्हा कासवाची रवानगी एखाद्या तळ्यात होते. लाल कानाची परदेशी कासवे लहानपणी हिरवीगार आणि रुपयाएवढी दिसतात. ती ताटाएवढी झाली की लोक ती तलावांत सोडून देतात आणि तेथल्या मूळच्या जीवांच्या तोंडचा घास ती काढून घेतात.

येथे कोणी म्हणेल, फादर, माणसांचे प्रश्न थोडे आहेत काय, की आपण कासवांसाठी एवढी शाई खर्च करावी? हा आक्षेप मी मोलाचा मानतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिकवणुकीच्या ग्रंथातही सांगितले आहे की प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. त्याचबरोबर हेही सांगितले आहे की जी माया केवळ माणसालाच देय आहे ती प्राण्यांवर ओतू नये. आमच्याच तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मस्थान, असे परंपरा सांगते. खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला त्यांचेच नाव आहे. ज्या समाजाने दगडी कासवाला देवळाच्या मंडपात मानाची जागा दिली, त्याच समाजाने चोखोबांना उंबऱ्याबाहेर ठेवले. पंढरपुरातही त्यांची समाधी महाद्वाराबाहेरच आहे. प्रतीकाला पुजणे आणि जिवंत जीवाला नाकारणे हे एकाच हाताने होऊ शकते, हे आपण विसरू नये. परंतु यावरून जनावराला कमी लेखावे असा निष्कर्ष निघत नाही. ज्याची नजर समोरच्या जीवाला 'हा माझ्या काय उपयोगाचा' एवढेच विचारते, तो कासवाशीही चुकतो आणि शेजाऱ्याशीही. नजर एकच असते. ती घडते घरात, लहानपणी.

म्हणून त्या गृहस्थांच्या प्रश्नातला सर्वांत अवघड भाग मला कायद्याचा वाटत नाही, मुलांचा वाटतो. कासव वनखात्याच्या स्वाधीन करा, असे मी त्यांना सांगितले. १९२६ हा वनखात्याचा दूरध्वनी क्रमांक आहे. तालुक्याला वनपरिक्षेत्र अधिकारी आहेत. खडकपूर्णेच्या पाण्यात मात्र सोडू नका. माळावरच्या कासवाला पोहता येत नाही, ते बुडेल. अंडी जेथे आहेत तेथून स्वतः काढू नका. जप्त झालेली वा स्वाधीन केलेली तारांकित कासवे पुण्यातील केंद्रात तपासून, सुदृढ करून, मग चंद्रपूर जिल्ह्याच्या जंगलात टप्प्याटप्प्याने सोडल्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. हे सारे सांगणे सोपे होते. पण ज्या मुलीने रोज सकाळी त्याला पालेभाजी घातली, जिच्या पावलांचा आवाज ओळखून ते पुढे येई, तिला काय सांगायचे?

तिला खोटे सांगू नये, एवढे मला निश्चित वाटते. 'ते आजारी आहे, बरे करून परत आणतील' अशी थाप मारू नये. 'सरकार घेऊन जाते, काय करणार' असा हात झटकणारा सूरही लावू नये. कारण त्यातून मूल एवढेच शिकते की नियम हे बलवानांचे काम आहे. तिला सांगावे की ते तुझे लाडके होते आणि आहे. ते ज्या मातीचे आहे तेथे त्याला जाता यावे म्हणून तू त्याला देते आहेस. ती रडेल, रडू द्यावे. त्या रडण्यात तिचे काही बिघडत नाही. ज्यावर प्रेम केले ते हातातून जाऊ देण्याचा धडा तिला पुढे आयुष्यात अनेकदा गिरवायचा आहे. तो पहिल्यांदा आई-वडिलांच्या साक्षीने, त्यांच्या मांडीवर बसून गिरवला जावा, हे बरे.

आणि आई-वडिलांनाही तो धडा नवा नाही. पाळणा कितीही हौसेने टांगला तरी तो वर्ष-दोन वर्षांचाच असतो. मूल त्यातून उतरते, उंबरा ओलांडते, एक दिवस गावाबाहेर पडते. आणि ज्या घराने त्याला नीट राखले त्या घराला तो दिवस पहिल्यापासून ठाऊक असतो. आपल्या लेकराच्या बाबतीत आपण जे मान्य करतो, ते परसातल्या मुक्या जीवाच्या बाबतीत मान्य करायला एवढे जड का जावे? कदाचित लेकरू एक दिवस पत्र लिहील, फोन करील, सणाला येईल, अशी आपल्याला आशा असते. कासव यातले काहीच करणार नाही. ते माळावरच्या गवतात शिरेल आणि मागे वळून पाहणार नाही. परतफेडीची एवढीसुद्धा अपेक्षा न ठेवता कोणाचे तरी भले करण्याची संधी आपल्याला आयुष्यात फार वेळा मिळत नाही. त्या कुटुंबाला ती मिळाली आहे, एवढेच मी त्यांना शेवटी सांगितले.